उरलेल्या पंधरा गुंड्या

आमची फिल्म बारा मिनिटांची होती. त्यातली चार मिनिटं कासवाची. ती चार मिनिटं मी स्वतःच्या हाताने कापली आणि कापताना जराही कचरले नाही, कारण माझ्याकडे पुरावा होता. रकाने आखून, तारखा घालून मांडलेला पुरावा. रकान्यांवर माझा तेव्हा फार विश्वास होता.

गोंधळ नको म्हणून आधी माणसं सांगते. आम्ही चौघं, सगळी सोळाच्या आसपासची. एक जिन्या. पायऱ्या दिसल्या की त्यांच्यावरून स्केटबोर्डासकट उडी मारल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. दुसरा डॉक्टर. त्याची आई नर्स, त्यामुळे त्याच्या पिशवीत बँडेज असायचं. त्याच पिशवीत कॅमेराही असायचा, आणि एक बाहेर निघालं की पाठोपाठ दुसरं लागायचंच. तिसरा कासव. हेल्मेट, गुडघ्यांना पट्ट्या, कोपरांना पट्ट्या, पाठीवर दप्तर. निघायला उशीर, पोचायला उशीर, पण पडला तर चौघांत त्यालाच सगळ्यात कमी लागायचं. चौथी मी. मला मास्तरीण म्हणत, कारण माझ्याकडे वही होती.

वहीचं कारण असं. फिल्ममध्ये तुम्हाला दिसतं काय, तर एक मुलगा उडी मारतो, दगडी कट्ट्याच्या कडेवर बोर्ड आडवा टेकतो, दोन हात घसरत जातो आणि खाली उतरतो. तीन सेकंद. त्या तीन सेकंदांमागे साठ, सत्तर, कधी शंभर वेळा पडणं असतं. ते कोणी लिहायचं? मी लिहायचे. तारीख, जागा, कोण, कितव्या खेपेला जमलं. मी स्वतः बोर्डावर बरी होते, पण बरीच. कासव माझ्या खालच्या मजल्यावर राहायचा, आणि बोर्डावर उभं राहायला त्यानेच शिकवलं होतं मला. दहा वर्षांची होते मी. इमारतीच्या पार्किंगमधून तो माझ्या शेजारून धावायचा आणि मी त्याचं डोकं धरून तोल सावरायचे. हेल्मेट तो त्यानंतर घालायला लागला, असं डॉक्टर म्हणतो.

त्या वर्षी वाचनालयाच्या तळघरातल्या हॉलमध्ये मुलांनी केलेल्या फिल्म दाखवणार होते. आम्ही आमच्यावरच फिल्म करायला घेतली. स्केटबोर्ड, पडणं, दोस्ती. नाव ठेवलं ‘चौघं’.

आणि मग कट्टे मरायला लागले.

पहिला दातांच्या दवाखान्यामागचा. लांब, पांढरा, गुडघ्याएवढा उंच, बोर्डासाठी जणू मुद्दाम घडवलेला. तीन आठवडे आम्ही त्याच्यावर मेणबत्ती घासून कड गुळगुळीत केली. मेण लावल्याशिवाय बोर्ड घसरत नाही, दगडाला धरतो आणि तुम्हाला तोंडावर टाकतो. चौथ्या आठवड्यात सोमवारी गेलो तर कडेवर स्टीलच्या गुंड्या. अंगठ्याएवढ्या, दीड-दीड फुटावर एक, दगडात भोक पाडून पक्क्या बसवलेल्या. त्यांच्यावर बोर्ड घसरूच शकत नाही.

“कट्ट्याला पुटकुळ्या आल्या रे,” जिन्या म्हणाला. आम्ही हसलो.

मग ऑफिसच्या मागचा. मग पोहण्याच्या तलावाजवळचा. मग फर्निचरच्या दुकानाचा. तलावाच्या वेळी हसू थांबलं. मेलेल्या कट्ट्याकडे परत जायचं नाही, असा आमचा नियमच होता. गुंड्या आल्या की मी वहीत त्या जागेवर लाल रेघ मारायची आणि विषय संपला. जिन्या तर त्या रस्त्याने जायचाही नाही, जरा लांबून घरी जायचा.

पण पाणी कुठेतरी मुरत होतं. शहरात कट्टे शेकड्याने. आम्ही ज्याला हात लावू तोच नेमका का मरतो? कोणीतरी सांगत होतं. आणि आमच्या जागा आम्हा चौघांशिवाय कोणालाच ठाऊक नव्हत्या.

संशय हा असा प्राणी आहे की एकदा घरात घेतला की तो सगळ्यांच्या ताटांत तोंड घालतो. मी आधी डॉक्टरवर घेतला. तो सारखा फोनवर कुजबुजायचा. आठवडाभर कान टवकारल्यावर कळलं की तो आईला ‘जेवलो, जेवलो’ सांगत असतो. मग जिन्यावर. त्याचे काका कुठेतरी सिक्युरिटीत होते. चौकशी केली तर काका गोदामाच्या दारावर बसतात आणि जिन्याचं तोंड त्यांनी दोन वर्षांत पाहिलेलं नाही. स्वतःवरही घेऊन बघितला. झोपेत बडबडते का म्हणून आईला विचारलं. “जागेपणी करतेस तेवढी पुरे,” आई म्हणाली.

राहिला कासव. त्याच्यावर घ्यायचं मनात नव्हतं, म्हणून मी वही उघडली. वही मन बघत नाही.

पाचवा कट्टा मेला तेव्हा मी रकाने पाडले. एका बाजूला पाच मेलेले कट्टे, दुसऱ्या बाजूला आदल्या रविवारी कोण आलं नव्हतं. जिन्या एकदाही चुकला नव्हता. डॉक्टर एकदा, ताप होता. कासव पाचही वेळा नव्हता. प्रत्येक वेळी कारण एकच, आत्याकडे गेलो होतो. आता मला सांगा, सोळा वर्षांचा मुलगा तीन महिन्यांत पाच वेळा आपणहून आत्याकडे जातो का? मलाही आत्या आहे.

मग मला एकेक दिसायला लागलं. सोमवारी त्याच्या बुटांच्या नाड्यांत पांढरी भुकटी असायची. बोटांना लोखंडाचा वास यायचा. लोखंडाचा वास नवा नव्हता, त्याच्या बाबांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं, जाळ्या आणि कठडे करायचे. पण भुकटी लोखंडाची नव्हती. दगडाची होती.

मी बोर्डाचा एक नट मुद्दाम ढिला केला आणि वर्कशॉपवर गेले.

“ये मास्तरीण,” कासवाचे बाबा म्हणाले. “काय मोडलं?”

“नट ढिला झालाय काका.”

“ढिला झालाय की केलास? पान्याचे ओरखडे आहेत त्याच्यावर.” ते हसले आणि डाव्या हाताने नट आवळायला लागले. उजवा खांदा त्यांनी अंगाशी धरला होता.

मी इकडेतिकडे बघत होते. वेल्डिंगच्या टेबलाखाली रंगाची जुनी बादली होती, तिच्यावर गोणपाट. पायाने गोणपाट सरकवलं. आत गुंड्या. आमच्या गुंड्या. माझी खोड अशी की दिसलं की मोजायचं. पंधरा होत्या.

“काका, ह्या कशाच्या?”

“कट्ट्यांवर बसवायच्या. पोरं येऊन दगड खराब करतात ना.” मग त्यांनी माझ्या हातातल्या बोर्डाकडे बघितलं आणि त्यांना आणखी हसू आलं. “तुमच्यासारखीच.”

“तुम्ही बसवता?”

“मी आणि हा. रविवारी जातो. खांदा धरल्यापासून मशीन तोच चालवतो. हात चांगला आहे त्याचा.”

“मग ह्या पंधरा उरल्या कशा?”

“पंधरा?” त्यांचं हसू थांबलं. “उरायला नकोत. मी मापानुसार आणतो.” आणि त्यांनी बादली पायाने स्वतःकडे ओढून घेतली.

लपवली, असं माझ्या मनात आलं. घरी येऊन मी वहीत तसंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये आम्ही तिघं कासवाची वाट बघत बसलो. तो नेहमीसारखा उशिरा आला, हेल्मेटचा पट्टा लावत.

“काय रे, आत्या बरी आहे ना?” जिन्याने विचारलं.

“आहे की.”

“हल्ली ड्रिल मशीन चालवते म्हणे.”

कासवाने माझ्याकडे बघितलं. जिन्याकडे नाही, माझ्याकडे. पट्टा तसाच लोंबत राहिला.

“बसवतो मी,” तो म्हणाला. “बाबांचा खांदा गेलाय, त्यांना एकट्याने होत नाही. पण सांगत नाही कोणाला. त्या जागांचे मॅनेजर लोकच बाबांना फोन करतात. मेण घासतो ना आपण? पांढऱ्या दगडावर हातभर काळा पट्टा उठतो. त्यांना काय दिसत नाही?”

“वा!” डॉक्टर म्हणाला. “म्हणजे मेणबत्ती फितूर झाली.”

“मग लपवलंस कशाला?” मी विचारलं.

“सांगितलं असतं तर वहीत काय लिहिलं असतंस?”

“खरं तेच.”

“हां. तेच.” तो लोंबणारा पट्टा बोटाला गुंडाळत राहिला. मग म्हणाला, “तुम्ही एकदा परत जाऊन बघा तरी त्या कट्ट्यांवर. त्या टोकाला...”

“परत?” जिन्या उसळला. “मयताला पुन्हा भेटायला जायचं? तुझ्या हातची कामं बघायला? कौतुक करायला?”

कासवाने हेल्मेट काढलं, दप्तरात कोंबलं आणि जिना चढून गेला. सहा वर्षांत त्याला मी पहिल्यांदा घाईने चालताना बघितलं.

त्या आठवड्यात मी फिल्ममधून त्याचे शॉट काढले. अकरा शॉट, चार मिनिटं. सगळ्यात चांगला शॉट त्याचाच होता, तलावाजवळचा, ब्याऐंशीव्या खेपेचा. तोही काढला. मागे कुठे त्याची सावली दिसत होती, तीही कापली. जिन्याने विचारलं, आता नाव ‘तिघं’ करायचं का. मी म्हटलं, करू. कासव इमारतीच्या पायऱ्यांवर भेटला की मी फोनकडे बघत चढायचे. तोही बाजूला होऊन वाट द्यायचा, ओझं घेऊन येणाऱ्याला देतात तशी.

पण एक अडचण झाली. फिल्म किमान दहा मिनिटांची हवी असा नियम होता, आणि आमची आठवर आली होती.

“दोन मिनिटं कुठून आणायची?” मी म्हटलं.

“मेलेले कट्टे दाखवू,” डॉक्टर म्हणाला. “एकेक गुंडी, हळूहळू. बघणाऱ्याचा जीव गलबलला पाहिजे.”

जिन्या तयार नव्हता. त्याला समजावण्यात एक दिवस गेला. रविवारी दुपारी आम्ही दवाखान्यामागे गेलो, तीन महिन्यांत पहिल्यांदाच. डॉक्टर कॅमेरा घेऊन कट्ट्यालगत पालथा पडला आणि कोपरांवर सरकत एकेका गुंडीपाशी जाऊ लागला. मी अर्थातच मोजत होते. एक ते आठ मळकट, पावसाचे डाग पडलेल्या. नंतर कट्टा खांबामागे वळून जातो, दवाखान्याच्या दारातून ते टोक दिसत नाही. तिथे नऊ, दहा, अकरा. ह्या तिन्ही कोऱ्या करकरीत. खाली दगडाची ताजी भुकटी.

“ह्या नव्या आहेत,” मी म्हटलं.

“गुंडी ती गुंडीच,” जिन्या म्हणाला. “चल ना, इथे थांबवत नाही मला.”

ऑफिसच्या मागे गेलो. कुंड्यांच्या आडच्या टोकाला शेवटच्या तीन नव्या. तलावाजवळ पंपाच्या खोलीमागे तीन नव्या. फर्निचरच्या दुकानापाशी मी मोजलंही नाही, सरळ टोकाला गेले. तीन.

मी तिथेच कट्ट्यावर बसले. दोन गुंड्यांच्या मध्ये.

दीड फुटाला एक गुंडी. तीन बसवल्याच नाहीत तर सहा फूट मोकळे राहतात. बोर्ड पावणेतीन फुटांचा. सहा फुटांत उडी मारून घसरता येतं आणि उतरताही येतं, आपण ज्या तीन सेकंदांसाठी मरतो तेवढं सगळं होतं. प्रत्येक कट्ट्यावर, मॅनेजरला दिसणार नाही अशा टोकाला, सहा फूट. पाच कट्टे, तीन-तीन गुंड्या. पंधरा. बादलीतल्या. हा हिशेब मी मोठ्यानेच केला.

तीन महिने ते सहा-सहा फूट आमची वाट बघत होते आणि आम्ही त्या रस्त्याने जात नव्हतो, कारण मी लाल रेघ मारलेली होती.

“पण मग आता त्या मोकळ्या जागा बुजवल्या कोणी?” डॉक्टरने विचारलं.

ते मला त्याच्याआधीच कळलं होतं. कासवाच्या बाबांनी बादली लपवली नव्हती. मोजायला जवळ ओढली होती. पंधरा हा आकडा त्यांना मी सांगितला होता. तीन महिने आम्ही जो फितूर शोधत होतो, तो शेवटी सापडला, आणि त्याच्या काखेत वही होती. मी हे दोघांना सांगितलं. जिन्याने नुसता माझ्या हातातून बोर्ड घेतला, बहुतेक मी तो आपटेन असं त्याला वाटलं.

पाचवा कट्टा वाचनालयाच्या मागचा. आम्ही धावतच गेलो. कासव तिथे होता. गुडघ्यांवर बसलेला, कानांवर आवाज दाबायचे ते मोठे हेडफोन, शेजारी ड्रिल मशीन. टोकाच्या मोकळ्या सहा फुटांत खडूच्या तीन फुल्या मारलेल्या. अजून एकही भोक पाडलेलं नव्हतं.

आम्हाला बघून त्याने हेडफोन खाली घेतले. “बाबा गुंड्या चिकटवायचं केमिकल आणायला गेलेत. डबा संपला. अर्ध्या तासात येतील.”

मी म्हटलं, “बादलीचं मीच विचारलं होतं काकांना.”

“माहीत आहे.”

“मला वाटलं...”

“तेही माहीत आहे.”

जिन्याला शांतता सहन होत नाही. त्याने माझा बोर्ड कासवासमोर जमिनीवर ठेवला आणि पायाने त्याच्याकडे सरकवला. “अर्धा तास आहे म्हणतोस ना? मग बसून काय राहिलास, म्हाताऱ्या?”

कासव बोर्डाकडे बघत राहिला. मग त्याने दप्तर ओढलं, हेल्मेट काढलं, गुडघ्यांच्या पट्ट्या काढल्या, कोपरांच्या काढल्या, सगळं एकेक करून अंगावर चढवलं. त्यात पाच मिनिटं गेली. जिन्या अक्षरशः नाचत होता. डॉक्टरने कॅमेरा चालू केला.

पहिल्या खेपेला तो कट्ट्यापर्यंत पोचलाच नाही. दुसऱ्या खेपेला बोर्ड एकीकडे, तो दुसरीकडे. माझा बोर्ड त्याच्यापेक्षा अरुंद होता, त्याला पाय ठरवता येईना. मी वही काढली होती, पण लिहिलं काही नाही, नुसती धरून उभी राहिले. पाचव्याला कोपर आपटलं. डॉक्टरने एका हाताने कॅमेरा धरून दुसऱ्याने पिशवी चाचपली. सातव्याला तो घसरला, पण उतरताना बसला. रस्त्याच्या कोपऱ्यावर काकांची गाडी वळताना दिसली तेव्हा नववी खेप चालू होती. बोर्ड कडेवर आडवा बसला, सहाच्या सहा फूट खरखरत गेला, आणि कासव दोन्ही पायांवर उतरून, बऱ्याच हळू वेगाने, कुंपणाला जाऊन टेकला.

जिन्याने अशी आरोळी ठोकली की वाचनालयाची एक खिडकी उघडली.

काका डबा घेऊन आले. त्यांनी कट्ट्यावरचा ताजा काळा पट्टा बघितला, मुलाच्या अंगावरचं हेल्मेट बघितलं, आम्हा तिघांकडे बघितलं. “झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं,” कासव म्हणाला.

“मग आटप आता. खांदा ठणकतोय माझा.” ते गाडीच्या पायरीवर जाऊन बसले.

कासवाने हेल्मेट काढलं, हेडफोन चढवले आणि मशीन उचललं. मी म्हटलं, “फिल्ममध्ये सगळे परत घालते. आजचाही घालते.” त्याला ऐकू आलं की नाही कळलं नाही. त्याने मान हलवली, पण ती मशीनच्या वजनानेही हलली असेल. “पुढच्या रविवारी येशील?” मी जरा मोठ्याने विचारलं.

“रविवारी काम असतं,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “शनिवारी बघू.”

भोकं पाडण्याआधी माप तपासायला त्याला टेपचं एक टोक धरणारा माणूस हवा होता. जिन्या आणि डॉक्टर कॅमेऱ्यात डोकं घालून नववी खेप परत परत बघत होते. मी वाकले आणि फुल्यांआधीच्या शेवटच्या गुंडीवर टोक दाबून धरलं. त्याने टेप पहिल्या फुलीपर्यंत ताणला.

“वाच,” तो म्हणाला.

टोक न सोडता मी त्याच्या बाजूला सरकले, आकड्यावर बोट ठेवलं. “दीड फूट. बरोबर दीड.”

“बरं,” कासव म्हणाला. माझ्या हातातून त्याने टेप घेतला, टोक स्वतः गुंडीला अडकवलं, आणि पुन्हा एकदा मोजलं.